शशीच्या वडिलांस

दोहा, ९ जानेवारी १९८३

शशीच्या वडिलांस,

मायना वाचून कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे. ज्या नात्यावर तुम्ही पाणी सोडलंत त्याच नात्यानं मी तुम्हाला इथून हाक मारणार आहे. फायनल पास झालेली बायको कौतुकानं करून आणलीत, आता तिची पत्रं सोसा.

मी सुखरूप पोचले. विमानतळावर जावई एकटेच आले होते. ‘जावई’ या शब्दापाशी थांबू नका, पुढं वाचा. मुनाफ पाया पडायला वाकला तर मीच अडवलं, म्हटलं, तुमच्यात ही रीत नाही, कशाला उगाच? तर म्हणतो, “शशीनं शिकवून पाठवलाय, आई.” हसला, आणि लगेच हसू आवरून म्हणाला, “ती उभी राह्यली का पाय सुजतात, म्हणून नाय आणली.”

पायच नव्हे, तोंडसुद्धा सुजलंय. नऊ वर्षांनी लेक पाहिली ती अशी. एका हातानं चौकट धरून दारात उभी होती. मला बघून पहिलं वाक्य काय, तर “दादा काय म्हणाले?” आईला मिठी नाही, पाणी नाही, दादा काय म्हणाले! मी म्हटलं, “गिरणीवर गर्दी होती.” खोटं नव्हतं. मी एस.टी.त बसेपर्यंत तुम्ही इंजिन बंद केलं नाहीत. फाट्यापर्यंत आवाज येत होता.

आता मुद्द्याचं. शशीला सातवा लागलाय. याआधीची दोन सहाव्यातच गेली. तुम्हाला ते ठाऊक नाही, कारण घरात तिचं नाव काढायची बंदी, आणि तिची पत्रं माझ्या भावाच्या पत्त्यावर यायची. घ्या, हेही आज कळलं. या खेपेला तिचा रक्तदाब चढलाय. इथल्या डॉक्टरीणबाई इजिप्तच्या आहेत, वयानं माझ्याएवढ्या. त्या म्हणतात, दाब चढला की वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं. बाळ महिन्याच्या मानानं लहान आहे. पण त्याचं काळीज चांगलं चालू आहे. शशी स्वतः नर्स, तिला खोटं सांगून गप्प बसवता येत नाही, ही मोठी पंचाईत.

मीठ बंद केलंय. सांडगे आणि लोणच्याची बरणी मी मांडीवर धरून विमानातून आणली, ती आता शेजारची रुकैया खाते. दापोलीकडची आहे, बोलायला गोड. रोज येऊन शशीचे पाय चेपून जाते.

एकच मागणं आहे. सातव्या महिन्याची ओटी माहेरची असते. भरीन मी, पण माहेर म्हणजे मी नव्हे, तुम्ही. साडी नको, नारळ नको, ते इथं मिळतात. हवाई पत्रावर दोन ओळी टाका. “शशीस आशीर्वाद” एवढं लिहिलंत तरी चालेल. पत्ता मुनाफच्या कंपनीच्या पोस्टाच्या पेटीचा आहे. इथं घरोघर पोस्टमन येत नाही. तो संध्याकाळी येताना टपाल घेऊन येतो आणि शशी त्याच्या हाताकडं बघते.

कोठीची चावी देवघरातल्या फडताळात आहे. शोधत बसू नका.

हौसा


दोहा, २५ जानेवारी

शशीच्या वडिलांस,

शशीला दवाखान्यात ठेवलंय. दाब उतरेना. बायकांचा मोठा वॉर्ड आहे, स्वच्छ, थंडगार. मला दिवसभर बसू देतात. शेजारच्या खाटेवर इथल्याच एका घरची सून आहे, आणि तिची सासू नाकावर मुखवट्यासारखा बुरखा लावून माझ्यासारखीच ठाण मांडून असते. ती मला खजूर देते, “इन्शाल्ला, इन्शाल्ला” म्हणत माझा गाल थोपटते. तिचं अरबी मला कळत नाही, माझं मराठी तिला कळत नाही, पण आम्ही दोघी दिवसभर बोलतो.

शशीच्या पोटाला दोन पट्टे बांधतात. त्यांची वायर एका पेटीत जाते आणि पेटीतून बाळाच्या काळजाचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलेच, केवढी ती घाई! शशी म्हणाली, “आई, एवढंच हवं. आपल्या दुप्पट असतं त्यांचं.” तुमचं इंजिन पट्टा चढवायच्या आधी रिकामं फिरतं ना, हलकं, जलद, एकसारखं? अगदी तसा आवाज. मला फार बरं वाटलं. दोन दिवस मी त्या पेटीपाशी बसून होते, गिरणीच्या ओट्यावर बसावं तशी.

काल तो आवाज बसला. शशीचं पोट जरासं घट्ट झालं, सैल पडलं, आणि ठोके जड झाले, मागं पडले. मग सावकाश परत वर आले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तुम्ही भरल्या ताटावरून उठता, “इंजिन दम खातंय” म्हणून, आणि बाकी कुणाला काही ऐकूही आलेलं नसतं. मला तसंच कळलं. तुमच्या घरात पस्तीस वर्षं काढली, एवढं तरी शिकले. मी शशीकडं पाहिलं तर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला माझ्या आधीच कळलं होतं.

पंचक्रोशीतले लोक गाडी करून तुम्हाला न्यायला येतात, पोपटराव, जरा कान लावून बघा म्हणून. आणि तुम्ही जाता. वैऱ्याच्या इंजिनालासुद्धा कान लावता.

मुनाफ कामावरून सुटला की कंपनीच्या बसनं थेट इथं येतो. भेटीची वेळ थोडी असते. परवा शशीनं त्याला बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं. टॉवेलची गुंडाळी हे बाळ, आणि जेवणाचा डबा हे टब. त्यानं पाण्यात बोटं घातली तर ही ओरडली, “बोटांनी नाही! स्टोअरमध्ये खोकी उचलून तुमची बोटं झालीत लाकडाची. कोपर बुडवा. कोपराला सोसलं तर बाळाला सोसतं.” तो बिचारा बाही वर करून कोपर डब्यात घालायला लागला. सगळा वॉर्ड हसला, ती मुखवट्यातली सासूसुद्धा. शशीला मी आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना पाहिलं.

जाताना त्यानं मला दाराबाहेर बोलावून सांगितलं, “आई, आजपण कागद नाय आला.” तिला मात्र सांगितलं की पोस्टाची पेटी उद्या उघडणार आहेत. तो रोज तेच सांगतो आणि ती रोज हो म्हणते.

तो माणूस कसा आहे, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत. शशी मिरजेच्या दवाखान्यात नर्स असताना आपल्या आजारी आईला घेऊन तो तिथं आला होता, तिथंच शशीची आणि त्याची ओळख झाली. त्याच्या आईचं शेवटचं सगळं शशीनं केलं. तुम्हाला फक्त त्याचं नाव ऐकू आलं.

हौसा


दोहा, ३ फेब्रुवारी

शशीच्या वडिलांस,

आज डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. त्या इंग्रजीत बोलल्या आणि मला समजावं म्हणून शशीनंच मराठीत सांगितलं. बिछान्यावर पडल्या पडल्या, सपाट आवाजात. स्वतःबद्दलच बोलत होती, पण ‘पेशंट’ म्हणत होती.

म्हणाली, “आई, बाळ आत ठेवलं तर त्याचं हृदय थकत जाणार आणि कधीतरी थांबणार. आत्ता बाहेर काढलं तर हृदय सुटेल, पण फुफ्फुसं कच्ची आहेत, श्वास घेता येणार नाही. फुफ्फुस लवकर पिकावं म्हणून पेशंटला इंजेक्शन देतात. ते लागू पडायला दोन दिवस लागतात. तेवढं हृदयानं तग धरला तर बरं.”

मी विचारलं, “आणि पेशंटचं काय?”

ते तिनं नाही, मुनाफनं सांगितलं. या दाबानं तिला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आजच्या आज मोकळं केलं तर तिला धोका कमी. तो भान विसरून डॉक्टरीणबाईंना हिंदीतच म्हणाला की आज करा, मग माझ्याकडं वळून म्हणाला, “मला शशी पायजे, आई. पोराचा नंतर बघू.” असं म्हणताना तो रडत होता, इतक्या बायकांच्या देखत.

शशी म्हणाली, दोन दिवस थांबायचं. तुमचीच लेक ती. एकदा म्हणाली की म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचार करून मान हलवली, पण पट्टे काढायचे नाहीत आणि ठोके पडून राहिले तर तेव्हाच्या तेव्हा आत न्यायचं, या अटीवर.

मुनाफ गेल्यावर शशीनं माझा हात धरला. “आई, दादांना असं वाटेल का गं, की मला शिक्षा झाली? दोन गेली, आता हे. त्यांना बरं वाटेल का?”

मी म्हटलं, “तुझे दादा हट्टी आहेत, दुष्ट नाहीत.” ही मी तुमची बाजू घेतली. यापुढं घेता येईल की नाही सांगता येत नाही.

ज्या दिवशी तिचं लग्न झाल्याचं कळलं, त्या दिवशी तुम्ही गिरणीसमोरच्या आडावर, सगळं गाव बघत असताना, तिच्या नावानं आंघोळ केलीत. मुलगी मेली म्हणालात. मी बंब पेटवून द्यायला नकार दिला म्हणून गार पाण्यानं केलीत आणि आठवडाभर खोकत बसलात. काढा मीच करून दिला. शशीला हे कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण तिला ठाऊक आहे. आज तिनं मला विचारलं, “आई, तेव्हा ते रडले होते का?” मी म्हटलं, “डोक्यावरून पाणी ओतत होते, कळलं नाही.” हे खरंच आहे.

आता तिचा डोळा लागलाय. पेटी चालू आहे, मी ऐकते आहे.

हौसा


दोहा, ८ फेब्रुवारी

शशीच्या वडिलांस,

मुलगी झाली.

बाळानं दोन दिवस काढले. शनिवारी सकाळी ठोके पडले ते वर येईनात. पेटीचा आवाज इतका संथ झाला की दोन ठोक्यांच्या मधे मला देवाचं नाव घेता येत होतं. “यल्ला, यल्ला” करत दोघीतिघींनी शशीची खाट ओढत नेली. चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती, मी अनवाणी मागं धावले आणि दारात अडवली गेले.

शशी वाचली. हे पहिलं लिहायला हवं होतं. दाब उतरतोय.

बाळ सव्वा किलोचं आहे. पण रडली हो, लहानसंच, पण रडली. इंजेक्शननं काम केलं, फुफ्फुस चालतंय. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळी. मुनाफच्या आईचं नाव ठेवलं, जैतून. नाव ठेवायची घाई शशीनंच केली. का ते मी विचारलं नाही.

काल मी साखर वाटली. आज लिहिते आहे ते वेगळंच आहे. पोटात बाळाला श्वास घ्यायचा नसतो, म्हणून रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जातं. त्यासाठी काळजापाशी एक वाट असते. जन्मल्यावर ती आपसूक मिटते. पुऱ्या दिवसांच्या बाळाची मिटते, हिची मिटेना. रक्त भलतीकडं शिरतंय आणि तेवढ्याशा काळजाला दुप्पट काम पडतंय. औषध चालू आहे, त्यानं मिटेल असं म्हणतात. नाही मिटली तर एवढ्या लहान बाळाला ऑपरेशन सोसायचं नाही.

एक दार मिटायला हवं ते मिटत नाही, आणि एक उघडायला हवं ते उघडत नाही. माझा जीव नुसता मधल्या मधे हेलपाटे घालतोय.

शशीला चाकाच्या खुर्चीतून नेलं बघायला. काचेला भोक असतं त्यातून हात घालून तिनं बोट पुढं केलं आणि त्या पोरीनं ते धरलं. नखं एवढीएवढीशी, पण पूर्ण आहेत. कानाची पाळी तुमची आहे, चिकटलेली. मी नीट पाहिलं.

लिहा हो दोन ओळी. अजून वेळ आहे.

हौसा


दोहा, २२ फेब्रुवारी

शशीच्या वडिलांस,

तुमचं पत्र पोचलं.

गेल्या बुधवारी जैतून गेली. त्यानंतर तीन दिवसांनी तुमचं पत्र आलं. तेव्हा क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हाला नीट समजेल.

वाट मिटली नाही. अखेरीला तिचं काळीज इतकं दमलं की काचेतून छाती उडताना दिसायची. बुधवारी दुपारी ते थांबलं. शशी खुर्चीत तिच्याजवळ होती. तिनं नर्सच्या सवयीनं घड्याळ पाहिलं आणि मग स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली. रडली नाही. त्यानंतर तीन दिवस ती ना रडली ना जेवली.

त्यांच्यात पुरण्याआधी न्हाऊ घालतात. जिवंत जन्मलेलं मूल कितीही लहान असो, सगळं माणसासारखं करतात. दवाखान्याच्या मागं त्यासाठी एक खोली आहे. रुकैया म्हणाली, मी घालते. मुनाफ म्हणाला, “नको, मी.” मला कुणी आत बोलावलं नाही आणि कुणी बाहेरही काढलं नाही, मी दारात उभी राहिले.

रुकैयानं तपेलीत पाणी आणलं. मुनाफनं बाही वर केली, आणि कोपर पाण्यात बुडवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. म्हणाला, “थोडा थंड घाला, भाभी.” तिनं घातलं. त्यानं पुन्हा कोपर बुडवून पाहिलं. मग ती पोर डाव्या तळव्यावर घेतली, तिचं डोकं त्याच्या मनगटाशी आणि पाय बोटांच्या टोकाला पुरत होते, आणि उजव्या हातानं पाणी घातलं. कानामागं, मानेच्या घडीत, बोटांच्या मधे, शशीनं शिकवलं होतं तसं सगळं. पाणी तोंडावर जाऊ नये म्हणून कपाळाला आडवा हात धरला होता.

मी दोन बाप पाहिले. एकानं जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली आणि एकानं मेलेल्या लेकीला आंघोळ घातली. तुम्हाला मी यापेक्षा जास्त काही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर जाऊ लागला, कारण रजा तिच्या जन्माला संपली होती. शनिवारी संध्याकाळी आला तो जिना धावत चढत. “आई, कागद आला! दादांचा!” पाकीट फोडलंही नव्हतं. सुतकी चेहऱ्याच्या माणसाच्या हातात ते पाकीट, आणि शशी बिछान्यावर उठून बसलेली. मी माझ्या हातात घेतलं आणि वाचलं.

तुम्ही लिहिलंत की म्हैस आटली. चावी सापडली. आणि बाकीच्या मजकुराबद्दल: “माझी मुलगी नऊ वर्षांपूर्वी वारली. मेलेल्या मुलीला मूल होत नसतं.”

बरोबर. आता नाहीच आहे.

शशी म्हणाली, “वाच ना आई.”

मी वाचलं. तुम्ही काय लिहिलंत ते ध्यानात ठेवा, कारण आता ते तुम्हालाच निभवायचं आहे. तुम्ही लिहिलंत: “शशीस आशीर्वाद. तुझ्या आईनं सगळं कळवलं. जिवाला जप. मोकळी झालीस की आईबरोबर घरी ये. आल्या आल्या न्हायला ऊन पाणी लागेल, मी बंब पेटवून ठेवतो. दादा.”

ती मला म्हणाली, “बंबाचं लिहिलंय? खरंच?” मी म्हटलं, “स्वतःच्या अक्षरात.” लहानपणी दिवाळीला तिच्यासाठी बंब तुम्ही पेटवायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत, आठवतं? मला नव्हतं आठवत. तोंडाला येईल ते मी वाचत गेले आणि ते आलं. मग ती रडली. तीन दिवसांचं काय, नऊ वर्षांचं रडली. मुनाफ तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. त्याला मराठी वाचता येतं. मी पत्र त्याच्या बाजूनं झाकून धरलंय तेही त्याला दिसत होतं. त्यानं पत्र मागितलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, “आई, शशीला घेऊन जावा. मी तिकिटा काढतो.”

तुमचं खरं पत्र मी शेगडीवर जाळलं. दुसरं कुठंच लिहिलेलं नाही, ते फक्त शशीला पाठ आहे. आज सकाळी तिनं भात खाल्ला आणि मला विचारलं, आडाला पाणी किती आहे.

आम्ही दोघी दहा मार्चला मुंबईत उतरतो, अकराला सकाळच्या गाडीनं फाट्यावर. मुनाफ येत नाही, त्याला रजा नाही. तेव्हा तुमचं घर बाटायची भीती यंदा तरी नाही. फाट्यापासून शशीला चालवणार नाही, टाके आहेत. बैलगाडी पाठवा.

आणि नाही पाठवलीत, दार लावून बसलात, तर आम्ही तिथूनच परत फिरू. मग माझ्याही नावानं आंघोळ उरकून टाका. पाणी तेव्हाही गारच मिळेल.

पण मला वाटतं तुम्ही इंजिन बंद कराल. गावाला गिरणी एक दिवस बंद असलेली चालते. गाडी फाट्यावर थांबली की शशी आधी कान देऊन ऐकेल, मला ठाऊक आहे. आवाज येत नसला तर तिला वाटेल, दादा घरी आहेत, परसात बंबापाशी बसलेत. तेवढं तिला वाटू द्या.

लाकडं गोठ्याच्या मागं रचलेली आहेत. ओली वाटली तर आधी शेणी घाला.

हौसा